चाफ्याच्या नावाचा कातारी

दादर स्टेशनाबाहेरच्या फूलबाजारात सोनचाफा वाट्यावर मिळतो आणि शिवाजी पार्काच्या आसपास जुन्या इमारतींच्या आवारात खुरचाफा फुकट मिळतो. दोन्ही चाफेच म्हणायचे, पण एकमेकांचे नातेवाईक नव्हेत. एकाची पाकळी सोनेरी, अरुंद आणि मऊ. दुसऱ्याची पांढरी, जाड, मध्यभागी पिवळी झाक असलेली. वनस्पतिशास्त्राने खुरचाफ्याला प्लुमेरिया म्हटलं आणि सोनचाफ्याला आधी मायकेलिया, हल्ली मॅग्नोलिया चंपाका. यातलं प्लुमेरिया हे नाव ज्या माणसावरून पडलं, त्यानेच मॅग्नोलिया हे नाव घडवलं. म्हणजे दोन परक्या चाफ्यांना जोडणारा दुवा एकच माणूस. फ्रेंच संन्यासी, नाव शार्ल प्लुमिए.

इथवर ही बागकामाच्या सदरात शोभणारी गोष्ट आहे. गंमत पुढे आहे. ज्या सुमाराला प्लुमिए वेस्ट इंडीजमधून आणलेल्या झाडांना नावं देत होता, त्याच सुमाराला त्याने आणखी एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचा विषय झाडं नव्हता. लाकूड, हस्तिदंत आणि धातू चरकावर, म्हणजे लेथवर, धरून कसे कातायचे, नुसते गोल न करता त्यांवर लाटा, पाकळ्या आणि जाळ्या कशा उठवायच्या, लंबगोल डबी कशी काढायची, हा त्याचा विषय. १७०१ साली लियाँ शहरात लॅटिन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत हे पुस्तक छापलं गेलं. केवळ कातकामाला वाहिलेला युरोपातला हा पहिला मोठा ग्रंथ. चाफ्याचा नामधारी मुळात कातारी होता.

प्लुमिए १६४६ साली मार्सेयमध्ये जन्मला आणि सोळाव्या वर्षी मिनिम पंथात संन्यासी झाला. हा पंथ आहाराच्या बाबतीत फार कडक, पण हाताला काम वर्ज्य नाही. गणित, चित्रकला, यंत्रं बनवणं आणि लेथ हे त्याचे मठातले छंद. वनस्पतींचं वेड नंतर रोममध्ये लागलं. १६८९पासून त्याने अमेरिकेकडच्या बेटांच्या तीन सफरी केल्या, चौदाव्या लुईने त्याला राजवनस्पतिज्ञ केलं आणि १७०३च्या पुस्तकात त्याने नव्या प्रजातींची रास ओतली. बेगोनिया, फुक्सिया, मॅग्नोलिया ही त्याचीच बारशी. स्वतःच्या नावाचं झाड मात्र त्याने स्वतः ठेवलेलं नाही, तो मान त्याला समकालीन तूर्नफोरने दिला आणि पुढे लिनियसने १७५३मध्ये कायम केला. चौथ्या सफरीला निघालेला प्लुमिए १७०४ साली स्पेनच्या कादिझजवळच्या बंदरात वारला.

त्याच्या ग्रंथातली चित्रं पाहिली की लक्षात येतं, हा माणूस फुलाची पाकळी ज्या डोळ्याने मोजत होता, त्याच डोळ्याने लेथचा दात मोजत होता. साध्या लेथवर लाकूड एका स्थिर आसाभोवती फिरतं, म्हणून जे निघतं ते गोलच निघतं. प्लुमिएला आवड होती ती या नियमाला फाटा देणाऱ्या यंत्रांची. त्यातलं मुख्य म्हणजे पुढे ‘रोझ इंजिन’ म्हणून गाजलेलं यंत्र. लेथचा दांडा एका जागी घट्ट न बसवता थोडा डुलेल असा बसवायचा. दांड्यावर एक तबकडी चढवायची, तिची कड पाकळ्यापाकळ्यांची. त्या कडेला एक टेकू स्प्रिंगच्या जोराने चिकटून राहतो. दांडा हळूहळू फिरला की तबकडीचा प्रत्येक उंचवटा टेकूवर चढतो आणि सगळा दांडा, त्यावरच्या लाकडासकट, केसभर बाजूला सरकतो. पटाशी मात्र जागच्या जागी. परिणामी लाकडावर वर्तुळाऐवजी लाट उमटते. तबकडीला बारा पाकळ्या असतील तर बारा लाटा. पुढची फेरी घेताना तबकडी अर्धी पाकळी पुढे सरकवली की दुसरी लाट पहिलीच्या खोबणीत बसते, तिसरी पुन्हा पहिलीसारखी, आणि डबीच्या भिंतीवर टोपलीची वीण तयार होते.

ही युक्ती प्लुमिएची नाही. १५७८ साली झाक बेसों या फ्रेंचाच्या यंत्रचित्रांच्या पुस्तकात वेडेवाकडे आकार कातणारा लेथ आहे. सोळाव्या शतकात सॅक्सनीचा सत्ताधीश ऑगस्ट स्वतः हस्तिदंत कातायला बसत असे. श्रेय कुणाला, यावर जर्मन आणि फ्रेंच अभ्यासकांचं एकमत होण्याची शक्यता कमीच. प्लुमिएने केलं ते इतकंच की राजवाड्यांत कुलूपबंद असलेली विद्या चित्रांसह छापून टाकली.

पुढची कथा धावतीच. रशियाच्या पीटर झारने ग्रंथाचं रशियन भाषांतर करवून घेतलं, आंद्रेई नार्तोव्हकडून यंत्रं बनवून घेतली आणि स्वतः डब्या कातल्या. सोळाव्या लुईकडेही लेथ होता. स्ट्रासबुर्गहून लंडनला आलेल्या होल्त्झापफेल घराण्याने १७९५च्या सुमारास श्रीमंत हौशी लोकांसाठी असे लेथ विकायला सुरुवात केली, ते शतकभर चाललं. घड्याळाच्या तबकड्यांवरची बारीक लाट ही घड्याळजी ब्रेगेची करामत याच यंत्राची. आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याच कुळातल्या ‘जॉमेट्रिक लेथ’ने नोटांवरची जाळी कोरली, जी हाताने हुबेहूब उतरवता येत नाही. १९२५ साली माहीम पार्क, म्हणजे आजचं शिवाजी पार्क, लोकांना खुलं झालं, त्याच वर्षी नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२८पासून तिथे नोटा छापल्या जाऊ लागल्या. खिशातल्या नोटेच्या कोपऱ्यातली ती गुंतागुंतीची नक्षी भिंगाखाली धरावी. तिच्या मुळाशी प्लुमिएच्या डुलत्या दांड्याचा एक पणतू आहे.

आता प्रश्न असा की सगळे मुकुटधारी आणि त्यांचे हौशी चेले फिरून फिरून छोट्या डब्याच का कातत होते? उत्तर यंत्रातच आहे. गोल झाकण गोल तोंडावर असं बसवायचं की उघडताना हवेचा हलका आवाज यावा, हे दुसऱ्या कुठल्याच हत्याराला इतक्या सहज जमत नाही. चौकोनी पेटीला सुतार हवा, गोल डबीला कातारी. आणि छोटी डबी दांड्यावर पूर्ण मावते, तिच्या सगळ्या भिंतींवर नक्षी करता येते, एका बैठकीत संपते. युरोपात ती तपकिरीसाठी, आपल्याकडे कुंकवासाठी.

मराठी घरात या वस्तूचं नाव करंडा. फणेरपेटीत आरसा, फणी आणि मेणाकुंकवाचे करंडे एकत्र असत. आधी कपाळावर मेणाचं बोट, मग त्यावर कुंकू, म्हणजे ते सांडत नाही. करंडा या शब्दाच्या मुळाशी संस्कृत करंड, म्हणजे टोपली. मूर्तिशास्त्रात टोपलीच्या आकाराच्या मुकुटाला करंडमुकुट म्हणतात. बौद्ध परंपरेत तोच शब्द अस्थी ठेवायच्या डबीला लागला आणि आज मराठीत तोच नाट्यस्पर्धेच्या ढालीला आणि क्रिकेटच्या चषकाला. शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या नेटमध्ये बॅट फिरवणारी मुलं ज्याची स्वप्नं पाहत तो रणजी करंडक आणि घरी आईच्या आरशासमोरचा करंडा, हे एकाच टोपलीतून निघाले.

टोपलीचा करंडा कातीव करंडा केव्हा झाला? मुंबईजवळच एक मोठा पुरावा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा स्तूप उघडला. आत दगडाचा गोल डबा, त्यात तांब्याचा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा, आणि सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तुकडे, जे बुद्धाच्या भिक्षापात्राचे समजले गेले. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात हा ठेवा आहे. सोपाऱ्याच्या डब्यांबद्दल जपून बोलायला हवं. पण सांचीच्या परिसरातल्या आणि १८९८ साली पिप्रहव्याला सापडलेल्या शंखजिऱ्याच्या करंडकांवर लेथचे वर्तुळाकार माग स्पष्ट आहेत. तिथे भिंत, तोंड, झाकणाची कड, माथ्यावरचं बोंड हे सगळं कातून काढलेलं आहे. कुंकवाच्या करंड्याला जो घुमटाकार माथा आणि वर बोंड असतं, त्याचा नमुना स्तूपातला असावा, असं या लेखकाचं ठाम मत आहे. पुरावा विचारला तर आकार दाखवता येईल, कागद नाही.

मग लाखेचा रंगीत करंडा कुठून आला? इथे वादाला खरा रंग चढतो.

सावंतवाडी हे आजही महाराष्ट्रातलं कातकामाचं नाव. चितार आळीत लाकडी फळं, बाहुल्या, पाट, चौरंग आणि करंडे मांडलेले असतात. भोसले संस्थानच्या आश्रयाने वाढलेली ही कला गंजिफाच्या गोल पत्त्यांसाठी अधिक ओळखली जाते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच कारखाना काढून ती मरू दिली नाही. पण पत्ते रंगवणाऱ्यांच्या शेजारी लेथवर बसणारे होते, आणि लेथवर लाख चढवणं ही चित्रकलेपेक्षा निराळी विद्या आहे. गोव्यात कुंकळ्ळीचे चितारी तीच करतात. खाली कारवारपर्यंत हा पट्टा जातो.

एक पक्ष म्हणतो की ही विद्या पोर्तुगिजांबरोबर आली. गोव्याच्या चर्चमधले कातीव कठडे, पीळदार पायांची टेबलं आणि पेट्या बघा, लेथ तेव्हाच रुजला. दुसरा पक्ष उत्तरेकडे बोट दाखवतो. खरादी हा शब्द अरबीतल्या खर्रातवरून आला, अर्थ कातारी. कारागीर, शब्द आणि लेथ असे तिघेही इराणच्या वाटेने आले, आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी टिपू सुलतानाने बोलावलेल्या इराणी कारागिरांमुळे, हे तर तिथला रिक्षावालाही सांगेल. (पुण्याजवळच्या खराडी गावाशी या शब्दाचं नातं जोडायचा मोह होतो. तो आवरलेला बरा.) तिसरा पक्ष म्हणतो, हे इथलंच.

लेखक तिसऱ्या पक्षात आहे, पण नुसत्या अभिमानाने नव्हे. यान हुइगेन फान लिन्सखोटन हा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्याच्या आर्चबिशपचा कारकून होता. १५९६ साली त्याने आपला प्रवासग्रंथ छापला. त्यात तो भारतीय लोक लाकूड लेथवर फिरवताना त्यावर रंगीत लाखेचा तुकडा कसा धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला कशी लागते आणि नंतर घासून तिला कशी चमक आणतात, हे नवलाने सांगतो. आता विचार करा. पोर्तुगीज गोव्यात येऊन सत्तर वर्षं झालेली. हा युरोपीय माणूस गोव्याच्या सत्तेच्या मुख्य कचेरीत बसलेला. ही पद्धत युरोपातून आली असती तर त्याला तिचं नवल का वाटावं? जी गोष्ट घरून आली तिचं वर्णन परदेशी अजब म्हणून कोण करतं?

विरोधक म्हणतील, नवल लाखेचं होतं, लेथचं नव्हे. मान्य. पण लाखेचा प्रवास तर पूर्वेकडून पश्चिमेकडे झाला. ज्याने एके काळी मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेतलं होतं, त्या गार्सिया द ऑर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात लाखेवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. पोर्तुगिजांनी लाख उचलली, तिचा शब्द त्यांच्या तोंडी ‘लाका’ झाला आणि तिथून इंग्रजीत लॅकर. नंतर लाखेचं शेलॅक झालं आणि युरोपातले कातारी लेथवर फिरणाऱ्या डबीला त्याचीच चमक देऊ लागले. ग्रामोफोनच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतही तेच. गिरगावच्या माजघरात वाजलेली नाट्यपदं लाखेवरच कोरलेली होती. तेव्हा ज्या मसाल्याने युरोपातल्या सजावटी डब्या चमकल्या, तो इथूनच गेलेला.

लेथच्या जुनेपणाचा पुरावा भाषेत आणि पुराणात आहे. मराठीत सूतही कातायचं आणि लाकूडही कातायचं. कातीव, कातारी हे शब्द अस्सल घरचे. व्युत्पत्तीत एक गाठ आहे. संस्कृतात कृत् नावाचे दोन धातू आहेत, एकाचा अर्थ कापणे, दुसऱ्याचा सूत काढणे. कातर कापण्यातून आली हे उघड आहे. कातारी कुठून? लाकूड कापलं जातं म्हणून पहिल्याकडे कल असणारे पुष्कळ. लेखकाचा कल दुसऱ्याकडे. चाती आणि लेथ यांत समान असतो तो फिरणारा दांडा, पात्याला तर चातीवर जागाच नाही. मराठी माणसाने लाकडाच्या कामाला चातीचं नाव दिलं, याचा अर्थ त्याच्या नजरेत आधी फिरणं भरलं, कापणं नंतर.

पुराणातली साक्ष जास्त देखणी. सूर्याचं तेज त्याच्या पत्नीला, संज्ञेला, सोसेना म्हणून तिच्या बापाने, विश्वकर्म्याने, सूर्याला भ्रमावर, म्हणजे लेथवर, चढवलं आणि त्याच्या तेजाचा आठवा हिस्सा कातून काढला. त्या छिलक्यांतून विष्णूचं चक्र, शंकराचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती बनली. विष्णुपुराणात ही कथा आहे आणि कालिदासाने रघुवंशातल्या स्वयंवरात एका राजाच्या वर्णनाला हीच उपमा वापरली. कथा खरी असण्याचा प्रश्न नाही. पण श्रोत्यांना लेथ ठाऊक नसता तर कालिदासाची उपमा कुणाला कळली असती?

म्हणून खरादीचा अरबी शब्द आला तो धंद्याच्या बाजारात आला, धंदा आधीपासून होता. अशी उदाहरणं मराठीत पोत्याने सापडतील.

तरी एक प्रश्न तिसऱ्या पक्षाच्या घशात अडकतोच. लेथ इतका जुना, हात इतके तयार, तर डुलता दांडा इथे का निघाला नाही? काहींचं उत्तर तयार असतं. आपला जुना लेथ पुढेमागे फिरे. एक जण दोरी ओढतो, लाकूड एकदा इकडे एकदा तिकडे, आणि पटाशी एकाच दिशेच्या फेऱ्यात कापते. कुठे एकच माणूस धनुकलीने फिरवतो आणि पायाच्या अंगठ्याने पटाशी सांभाळतो. अशा झटक्यावर पाकळ्यांची लाट कशी निघणार? हे उत्तर कच्चं आहे. युरोपातला लवचीक खांबावर दोरी बांधून चालवायचा लेथही पुढेमागेच फिरे, आणि रोझ इंजिनला तर इतकी मंद गती लागते की तो सरळ हाताने फिरवता येतो. लेखकाला वाटतं, अडसर यंत्राचा नव्हता, गरज नव्हती. युरोपात हस्तिदंत आणि बॉक्सवुड एकरंगी, म्हणून नक्षी खोलीतून काढावी लागली. इथे कातारी लाखेची लाल कांडी टेकवत असे, मग पिवळी, मग हिरवी, आणि दोन मिनिटांत पट्टे तयार. रंगाचे थर एकावर एक चढवून टोकदार हत्याराने वरचा थर खरवडला की खालचा रंग उघडा पडतो, त्याला उत्तरेत नक्शी म्हणतात. ढगासारखे ठिपके उठवले तर अब्री. इथे नक्षी रंगातून येत होती. त्यातून राजे लेथवर बसत नसत, त्यामुळे यंत्रावर पैसा ओतणारा कुणी नव्हता. ही दुसरी बाजूही खोटी नाही.

आता चाफ्याकडे परत येऊन एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यासाठीच हा सगळा खटाटोप. चन्नपट्टणचे कारागीर लाखकामाला जे फिकं, हस्तिदंतासारखं लाकूड वापरतात, ते आपल्याकडचा काळा कुडा. त्याचं फूल पांढरं, शेंगा जोडीने लोंबणाऱ्या आणि फांदी मोडली की दुधासारखा चीक. खुरचाफ्याची फांदी मोडून बघा, तोच चीक. दोन्ही करवीर कुळातली. प्लुमेरिया आणि काळा कुडा चुलतभाऊ आहेत. ज्याने युरोपाला नक्षीच्या डब्या कातायला शिकवलं त्याच्या नावाचं झाड, आणि ज्या झाडाच्या लाकडावर दक्षिणेत लाखेच्या डब्या कातल्या जातात ते झाड, एकाच घरची. हा योगायोग आहे, त्यातून काहीही सिद्ध होत नाही, पण वगळवत नाही. सावंतवाडीकर पांगारा वापरत आले. तो हलका आणि मऊ, रंग छान धरतो, पण बारीक लाट त्यात उमटायची नाही. तिथे कुडाच हवा.

आणि याच लाकडावर दोन्ही परंपरा एकत्र आणण्याचा उद्योग आज दादरमध्ये कुणालाही करता येईल. नागदेवी स्ट्रीटवर मोटर, बेअरिंग, चक, ड्रिल चक सगळं मिळतं. टेबलावर मावणारा छोटा लाकडी लेथ घरच्या गॅलरीत बसतो. आवाजाची तक्रार खालच्या मजल्यावरून येऊ नये म्हणून खाली जाड रबरी चटई टाकावी. दुपारी दोन ते चार मोटर लावू नये हे शहाणपण निराळं शिकवायला नको.

दांडा डुलवण्यापेक्षा हत्यार डुलवणं घरी सोपं जातं. चकच्या मागेच, दांड्यावर, जाड प्लायवूडची सुमारे १५० मिलिमीटर व्यासाची पाकळ्यांची तबकडी घट्ट बसवायची. समोर सरकपट्टीवर एक छोटी घोडी. तिच्यावर पुढे वेगाने फिरणारा छोटा कटर आणि मागे बॉल बेअरिंगचा टेकू, जो स्प्रिंगने तबकडीच्या कडेला चिकटलेला. सरकपट्टी म्हणून ड्रॉवरचा चॅनेल वापरायचा मोह होईल. त्यात ढिलेपणा असतो, लाट खरबरीत निघते. सीएनसी यंत्रांत लागणारी लिनिअर गाइड घ्यावी, पैसे जातात पण रडावं लागत नाही. बेअरिंगचा व्यास तबकडीच्या दोन पाकळ्यांमधल्या खळग्यापेक्षा लहान हवा, नाहीतर ते तळाला पोचतच नाही आणि लाटा बोथट येतात. आणखी एक धडा पहिल्या डबीवरच मिळतो. तबकडीची पाकळी २ मिलिमीटर उंच असेल तर ५० मिलिमीटरच्या डबीवरही उंची २ मिलिमीटरच राहते, पण घेर तिप्पट लहान झाल्याने लाट तिप्पट उभी दिसते. म्हणून पाकळ्या दिसायला अगदी उथळ कापाव्या.

आता विभागणी. दांड्याच्या मागच्या टोकाला ९६ भोकांची तबकडी आणि त्यात अडकणारी खिळी. ९६ला २, ३, ४, ६, ८, १२, १६, २४ सगळ्यांनी भाग जातो, म्हणून जुन्या कातारींचाही हाच आवडता आकडा. पाकळ्यांची तबकडी आणि डबी यांतलं नातं बदलायची सोय ठेवली की झालं. बारा पाकळ्यांत अर्धी पाकळी म्हणजे १५ अंश, म्हणजे चार भोकं. दर फेरीला चार भोकं सरकवत गेलं की टोपलीची वीण उमटते. दांडा मोटरवर नाही, हाताने फिरवायचा, मिनिटाला साधारण एक फेरी. घाई केली तर कटर उड्या मारतो.

कटर लाखेवर चालवायचा तर उष्णतेचं भान ठेवायला हवं. लाख ७५ ते ८० अंशांच्या आसपास वितळते. कटर बोथट किंवा फार वेगात असेल तर कापण्याऐवजी ती वितळून कडांवर चिकटते. धार ताजी, वेग बेताचा, खोली एका वेळी पाव मिलिमीटर. लाल लाख खाली, मध्ये पिवळी, वर काळी, मोटर लावून घर्षणाने चढवायची. मग मोटर काढून हाताने लाट. पहिल्या फेरीत काळ्यातून पिवळी रेघ दिसते, आणखी खोल गेलं की तिच्या पोटात लाल. कोकणी थर आणि फ्रेंच लाट इथे पहिल्यांदाच एका भिंतीवर येतात, निदान ज्ञात नमुन्यांत तरी या लेखकाला असा दुसरा आढळलेला नाही.

अवघड भाग शेवटी उरतो, झाकण. झाकण आणि तळ वेगवेगळे नक्षीदार केले तर उघडून लावताना लाटा जुळत नाहीत, आणि गोल तोंडाचं झाकण कुठेही फिरतं. उपाय असा की आधी तोंड आणि झाकणाची कड नेमकी कातून घ्यायची, झाकण घट्ट बसवायचं, तळ चकमध्ये तसाच ठेवायचा आणि नक्षी दोन्हीवर एकाच दमात काढायची. झाकण फिरू नये म्हणून कडेखाली कागदाचा पातळ तुकडा दाबतात, किंवा टेलस्टॉकने वरून नुसतं टेकवून धरतात. सांधा जिथे आहे तिथे लाटेचा माथा आला तर तो लगेच डोळ्यात भरतो. म्हणून नक्षीची पहिली फेरी नेमकी सांध्यावरूनच सुरू करावी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लाटा त्याच्यापासून समान मोजता येतात आणि सांधा खळग्याच्या तळाशी जातो, जिथे लाल लाखेची रेघ तशीही असते.